कॉम्बी बॉयलरला स्मार्ट थर्मोस्टॅटचा रिसीव्हर जोडताना

स्मार्ट थर्मोस्टॅटच्या खोक्यातून सहसा दोन वस्तू निघतात. एक भिंतीवर मिरवायची, आकडे दाखवणारी. दुसरी साधी पांढरी डबी, जी बॉयलरशेजारी लागते आणि पुढे कुणाच्या लक्षातही राहत नाही. वायरिंगचं जवळजवळ सगळं काम या दुसऱ्या डबीत आहे. हाइव्ह तिला रिसीव्हर म्हणतं, नेस्ट हीट लिंक म्हणतं, ड्रेटन वायझरमध्ये ती हब असते. आत मात्र सगळीकडे मामला सारखाच: एक रेडिओ, थोडं सर्किट आणि एक रिले. रिले म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालू-बंद होणारं बटण, इतकंच.

कॉम्बी बॉयलर म्हणजे घर तापवणाऱ्या रेडिएटरचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तापवणारं एकच यंत्र. त्यामुळे काम आणखी सोपं होतं. गरम पाण्याची टाकी नसते, त्यामुळे पाण्याचं वेळापत्रक ठरवायला काही उरतच नाही. नळ उघडला की बॉयलरमधल्या सेन्सरला पाण्याचा प्रवाह कळतो आणि बर्नर पेटतो. थर्मोस्टॅटला कुणी विचारत नाही. थर्मोस्टॅटच्या हातात फक्त रेडिएटर. म्हणून कॉम्बीसाठी सिंगल चॅनल, म्हणजे फक्त हीटिंग चालू-बंद करणारा रिसीव्हर घ्यावा. ड्युअल चॅनल हा टाकीवाल्या व्यवस्थेसाठी असतो. चुकून तोच घेतला असेल तर बरेचदा त्याची पाण्याची बाजू मोकळी ठेवून काम चालतं, पण ड्युअल चॅनलच्या काही रिसीव्हरांतून थेट २३० व्होल्ट बाहेर पडतात. असे रिसीव्हर सगळ्या बॉयलरना चालत नाहीत. का चालत नाहीत, ते पुढे येईलच, कारण या सगळ्या कामाची मेख तिथेच आहे.

कुणी काय उघडायचं

पुढचं सगळं ब्रिटनमधल्या घरांना धरून आहे, आणि तिथे गॅसच्या उपकरणाचा कायदा कडक आहे. गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टर या अधिकृत नोंदवहीत नोंद असलेल्या माणसानेच करायचं. थर्मोस्टॅटची वायर म्हणजे गॅसचं काम नव्हे, हे खरं. पण बॉयलरची टर्मिनल पट्टी बहुतेक वेळा पुढच्या झाकणामागे असते, आणि काही मॉडेलांत तेच झाकण ज्वलनकक्ष हवाबंद ठेवणारं असतं. ते काढणं आणि पुन्हा नीट बसवणं हे तुमचं काम नाही. झाकणाचं रबरी सील जरा जरी सरकलं तरी कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला ना वास ना रंग.

म्हणून आधी आपल्या घरात काय आहे ते बघा. बॉयलरच्या बाहेर आधीपासून एखादा वायरलेस रिसीव्हर असेल आणि त्याच्या जागी नवा बसवायचा असेल, तर बॉयलर उघडावाच लागत नाही. बॉयलरबाहेर जंक्शन बॉक्स असेल तरी तेच. बॉयलरच्या आतच वायर न्यायची असेल, तर तेवढ्या भागासाठी गॅस सेफवाल्याला बोलवा आणि बाहेरचं काम तयार करून ठेवा. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पौंड वाचतात, आणि बॉयलर वॉरंटीत असेल तर तीही शाबूत राहते. विजेच्या कामाचा हात नसेल, तर पुढचं सगळं वाचा, पण काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तो काय करतो आहे हे कळणं हाही मोठाच फायदा.

बॉयलरला नेमकं काय हवंय?

बॉयलरला थर्मोस्टॅटकडून एकच गोष्ट कळायला हवी असते: दोन टर्मिनल एकमेकांना जोडलेले आहेत की तुटलेले. जोडले की घर तापव, तुटले की थांब. नव्या बॉयलरमध्ये त्या दोन टर्मिनलांत कारखान्यातूनच वायरचा छोटा तुकडा बसवलेला असतो. त्याला लिंक म्हणतात. थर्मोस्टॅट नसतानाही बॉयलर चालावा म्हणून ती असते. तुमचा रिसीव्हर त्या लिंकच्या जागी येतो.

प्रश्न एवढाच, की त्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज किती? २३० व्होल्ट, २४ व्होल्ट, की डिजिटल बस, म्हणजे वायरवरून आकड्यांचे संदेश नेणारी जोडणी? याचं उत्तर मिळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात. २४ व्होल्टच्या टर्मिनलवर २३० गेले की बॉयलरचं सर्किट बोर्ड जळतं, आणि ते फ्यूज बदलण्याइतकं स्वस्त नसतं.

उत्तर बॉयलरच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये असतं, वापरकर्त्याच्या पुस्तिकेत नव्हे. मॅन्युअल हरवलं असेल तर बॉयलरच्या माहितीपट्टीवर जीसी नंबर, म्हणजे मॉडेलचा ओळख क्रमांक शोधा. कॉम्बींचा हा नंबर ४७ ने सुरू होतो. तो नंबर टाकून शोधलं की नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल सापडतं. नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळे बोर्ड आलेले असतात.

आता प्रकार बघू.

पहिला, २३० व्होल्टचा. वूस्टर बॉशच्या ग्रीनस्टार मालिकेतल्या बऱ्याच बॉयलरमध्ये एलएस, एनएस आणि एलआर अशी टर्मिनल दिसतात. एलएस म्हणजे बॉयलरने बाहेर दिलेला लाइव्ह, आपण ज्याला फेज म्हणतो तो. एनएस न्यूट्रल. एलआर म्हणजे थर्मोस्टॅटमधून परत येणारा लाइव्ह. एलआरवर २३० व्होल्ट आले की बॉयलर पेटतो.

दुसरा, कमी व्होल्टेजचा किंवा व्होल्ट-फ्री. इथे बॉयलरला बाहेरून वीज नकोच असते. त्याच्याच दोन टोकांना कोरा संपर्क हवा असतो. व्हेलंटच्या इकोटेकमध्ये २४ व्होल्टसाठी आणि २३० व्होल्टसाठी दोन वेगळ्या जागा असतात. अशा बॉयलरमध्ये ज्या जागी रिसीव्हर जोडाल तिथलीच लिंक काढा, दुसऱ्या जागेची तशीच राहू द्या. दोन्ही काढल्या तर बॉयलर पेटणार नाही, आणि तुम्ही रिसीव्हरला दोष देत बसाल.

तिसरा, डिजिटल बसचा: ओपनथर्म. दोन वायर, कमी व्होल्टेज, आणि त्यांवरून चालू-बंद नव्हे तर तापमानाचा आकडा जातो. कोणती वायर कुठे लावली याने फरक पडत नाही. थर्मोस्टॅट बॉयलरला सांगतो, आत्ता ४८ अंशांचं पाणी पुरे. बॉयलर आच तेवढी मंद करतो. रिसीव्हर आणि बॉयलर दोघांनाही ओपनथर्म येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तेच वापरा. घरातली ऊब समान राहते, बर्नर उगाच पेटत-विझत नाही. पण दोघांनाही यायला हवं. वूस्टर बॉश स्वतःची ईएमएस बस वापरतं, व्हेलंट स्वतःची ई-बस, आणि या बसच्या टर्मिनलांना ओपनथर्मच्या वायर लावून काही होत नाही. अशा बॉयलरला निमूट रिलेने जोडावं.

रिसीव्हरची बाजू

रिसीव्हरच्या झाकणाखाली एल आणि एन दिसतील: रिसीव्हरला स्वतःला जगायला लागणारी वीज. मग रिलेची तीन टर्मिनल: कॉमन, एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी उघडं, मागणी आली की कॉमनला जोडलं जाणारं. एनसी त्याच्या बरोबर उलट. आपल्याला कॉमन आणि एनओ हवेत. एनसी रिकामं राहतं. नेस्टच्या तिसऱ्या पिढीच्या हीट लिंकवर हीटिंगचं कॉमन २ नंबरला आणि मागणीचं टर्मिनल ३ नंबरला आहे.

नंबरांचा एक सापळा आहे. ब्रिटनमध्ये बरेच प्रोग्रामर (हीटिंगचे टायमर) आणि रिसीव्हर एकाच मापाच्या बॅकप्लेटवर, म्हणजे भिंतीवरच्या मागच्या प्लेटवर बसतात. त्यामुळे जुना उचलला, नवा खटकन बसवला, झालं, असा मोह होतो. प्लेट तीच असली तरी ३ आणि ४ नंबरांचा अर्थ निर्मात्यागणिक, मॉडेलगणिक बदलतो. जुन्याचा आणि नव्याचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवून एकेक वायर पडताळा, मगच बसवा.

वीज तोडणं

बॉयलरजवळ एक फ्यूज्ड स्पर, म्हणजे स्वतःचा फ्यूज असलेला भिंतीवरचा स्विच असतो, त्यात ३ अँपिअरचा फ्यूज. बॉयलर, रिसीव्हर, जुना टायमर, सगळ्यांना वीज याच एका स्परवरून मिळायला हवी. रिसीव्हरची वीज जवळच्या सॉकेटवरून घेतलेली मी पाहिली आहे, आणि ती पद्धत धोकादायक आहे: सर्व्हिसला आलेला माणूस बॉयलरचा स्पर बंद करतो, निर्धास्त हात घालतो, आणि रिसीव्हरमधून आलेला लाइव्ह तिथे त्याची वाट बघत असतो.

स्पर बंद करा, फ्यूज काढा आणि खिशात टाका. खिशातला फ्यूज घरातलं दुसरं कुणी चुकून लावू शकत नाही. मग दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने तपासा: आधी चालू असलेल्या ठिकाणी टेस्टर चालतोय याची खात्री, मग तुमच्या टर्मिनलांवर लाइव्ह-न्यूट्रल, लाइव्ह-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि स्विच होऊन येणारी वायरसुद्धा, मग पुन्हा चालू ठिकाणी टेस्टरची खात्री. वायरजवळ नेली की चमकणारी पेन्सिल पुरेशी नाही; ती कधी खोटं दाखवते, कधी गप्प राहते.

यानंतर फोटो. बॅकप्लेटचा, जंक्शन बॉक्सचा, सगळ्या कोनांतून. प्रत्येक वायरवर टेप लावून ती कुठून निघाली ते लिहा. रंगावर जाऊ नका. २००६ च्या आधीच्या घरात लाल लाइव्ह आणि काळा न्यूट्रल असेल, नंतरच्या घरात तपकिरी आणि निळा. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे जुन्या थर्मोस्टॅटकडे गेलेल्या केबलमध्ये निळी वायर पुष्कळदा स्विच झालेला लाइव्ह वाहत असते. तिच्यावर तपकिरी स्लीव्ह, म्हणजे रंगाची छोटी नळी असायला हवी होती. पाहुण्यासारखी ती क्वचितच हजर असते.

वायर जोडणं

रिसीव्हर बॉयलरच्या बाजूला भिंतीवर बसवा. बॉयलरच्या धातूच्या अंगावर किंवा तांब्याच्या पाइपांच्या गर्दीत नको, रेडिओ अडतो. केबल पाच-कोरची, म्हणजे आत पाच वायर असलेली, उष्णता सोसणारी ०.७५ चौरस मिमी फ्लेक्स (लवचिक केबल) घ्या. निळी न्यूट्रलला, तपकिरी लाइव्हला, हिरवी-पिवळी अर्थला, काळी कॉमनला, करडी एनओला. काळी आणि करडी यांच्या दोन्ही टोकांना तपकिरी स्लीव्ह चढवा, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की या वायर लाइव्ह असू शकतात.

२३० व्होल्टच्या बॉयलरला दोन रीतींनी जोडता येतं. पहिली: रिसीव्हरच्या आतच एलवरून कॉमनला छोटी लिंक द्यायची, आणि एनओवरून एक वायर बॉयलरच्या परतीच्या टर्मिनलला न्यायची. वूस्टरच्या भाषेत, एलएस आणि एनएसवरून रिसीव्हरला वीज, आत एल ते कॉमन लिंक, एनओवरून एलआर. वायर कमी लागतात. दुसरी: बॉयलरचा बाहेर येणारा लाइव्ह स्वतंत्र वायरने कॉमनला आणायचा आणि एनओवरून परत न्यायचा, रिसीव्हरमध्ये लिंक नाही. मला दुसरी आवडते. एक कोर जास्त जाते, पण उद्या बॉयलर बदलून व्होल्ट-फ्री आला, तर रिसीव्हरच्या पोटात विसरलेली लिंक नवा बोर्ड जाळत नाही.

२४ व्होल्ट किंवा व्होल्ट-फ्री बॉयलर असेल, तर एल ते कॉमन लिंक अजिबात नको. काही रिसीव्हर कारखान्यातूनच ती लिंक घेऊन येतात; शोधा आणि काढा. एल-एनला स्परवरून वीज द्या, आणि कॉमन-एनओपासून वेगळी दोन-कोर केबल बॉयलरच्या दोन टर्मिनलांपर्यंत न्या. ही केबल २३० व्होल्टच्या केबलपासून अलग ठेवायची, दोन्ही एकाच फ्लेक्समध्ये कोंबायच्या नाहीत. ओपनथर्मलाही हाच नियम, फक्त वायर रिलेऐवजी रिसीव्हरच्या ओपनथर्म टर्मिनलांवर लागतात आणि रिले रिकामा राहतो. एकाच बॉयलरला रिलेही आणि ओपनथर्मही, असं दोन्ही जोडू नका.

आणि बॉयलरमधली मूळ लिंक काढायला विसरू नका.

बॉयलरची मुख्य वीज रिसीव्हरमधून नेऊन तीच चालू-बंद करणं हा आडमार्ग काही घरांत सापडतो. तो तातडीने मोडा. बर्नर विझल्यावरही पंप थोडा वेळ चालून उष्णता काढून नेतो, थंडीत बॉयलर स्वतःला गोठण्यापासून वाचवतो, आणि नळाच्या गरम पाण्यालाही बॉयलर जागा लागतो. या तिन्हींसाठी अखंड लाइव्ह हवा.

बहुतेक रिसीव्हर दुहेरी इन्सुलेशनचे असल्याने त्यांना अर्थ लागत नाही, पण बॅकप्लेटवर अर्थची वायर टेकवायला जागा दिलेली असते. तिथे ती स्लीव्हसह कसा. कापून टाकू नका. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायर हलकेच ओढून बघा. टर्मिनलबाहेर उघडं तांबं दिसता कामा नये, आणि फ्लेक्स क्लॅम्पमध्ये पक्का हवा.

जुन्या वायरवाल्या थर्मोस्टॅटचं काय?

दिवाणखान्यातला जुना थर्मोस्टॅट काढला की त्याच्या वायर भिंतीत उरतात. रिसीव्हर बॉयलरजवळ लावला असेल तर या वायर बॉयलरच्या किंवा जंक्शन बॉक्सच्या टोकाकडून सोडवा. फक्त भिंतीच्या टोकाला टेप गुंडाळून वर पट्टी मारणं म्हणजे भिंतीत जिवंत वायर पुरणं.

रिसीव्हरच जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी लावायचा विचार असेल, तर तिथे न्यूट्रल आहे का बघा. कायमचा लाइव्ह, न्यूट्रल आणि स्विच होऊन जाणारा लाइव्ह, तिन्ही असतील तर जमतं: लाइव्ह एलला, न्यूट्रल एनला, आत एल ते कॉमन लिंक, आणि एनओवरून स्विच वायर. जुना थर्मोस्टॅट बॅटरीवर चालणारा असेल तर तिथे दोनच वायर असतील, आणि त्यांवर रिसीव्हर चालणार नाही. दोन वायरांतली एक न्यूट्रल धरून चालणं ही फ्यूज उडवायची खात्रीची रीत.

बॉयलरवर किंवा शेजारी जुना टायमर असेल, तर तो काढून टाका. बॉयलरच्या अंगातलाच असेल आणि काढता येत नसेल, तर कायम चालूवर ठेवा. नाहीतर दोन मालकांच्या कात्रीत बॉयलर सापडतो: ॲप म्हणतं पेट, टायमर म्हणतो थांब.

पहिली चाचणी

झाकणं बसवा, फ्यूज लावा, स्पर चालू करा. रिसीव्हरचा दिवा लागला पाहिजे. थर्मोस्टॅट रिसीव्हरशी जोडून घ्या. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, सहसा रिसीव्हरवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं असतं. वायफायची भानगड नंतर. आधी रिसीव्हरच्या स्वतःच्या बटणाने हीटिंग चालू करा. रिलेचा टक आवाज येईल, आणि जरा वेळाने बॉयलर पेटेल. लगेच नाही पेटला तर घाबरू नका. नुकताच विझलेला बर्नर पुन्हा पेटण्याआधी बॉयलर मुद्दाम काही मिनिटं थांबतो.

आता बंद करा. बर्नर विझला पाहिजे. ही चाचणी चालू करण्यापेक्षा महत्त्वाची, कारण विसरलेली लिंक इथेच पकडली जाते. शेवटी हीटिंग बंद असताना गरम नळ सोडा. पाणी नेहमीसारखं तापलं पाहिजे.

मग थर्मोस्टॅटची जागा. जमिनीपासून साधारण १.२ ते १.५ मीटर उंच, उन्हात नको, रेडिएटरवर नको, बाहेरच्या दाराच्या झोतात नको. त्याच खोलीतल्या रेडिएटरवर तापमान सांभाळणारा वॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडा ठेवा. नाहीतर खोली वॉल्व्हच अडवेल, थर्मोस्टॅट उष्णता मागत राहील, आणि बाकीचं घर भट्टी होईल.

एक सेटिंग बहुतेक लोक राहू देतात, ते बॉयलरवरचं हीटिंगच्या पाण्याचं तापमान. कंडेन्सिंग बॉयलरला धुरातली उष्णता परत मिळवायची तर परत येणारं पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली हवं. बॉयलर ७५ किंवा ८० वर लावलेला असेल तर ते सहसा होत नाही. ६० वर आणा, घर पुरेसं तापतं का ते थंडीच्या दिवसांत बघा, मग आणखी खाली. रिलेने जोडलेल्या बॉयलरला हे काम हाताने करावं लागतं. स्मार्ट थर्मोस्टॅट त्यात काही करू शकत नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून बॉयलर प्लस नियमांनुसार कॉम्बी बदलताना चार पर्यायांपैकी एक घालावाच लागतो. त्यांत स्वयंचलित, शिकणाऱ्या नियंत्रणाचा पर्याय आहे, बाहेरच्या हवामानाप्रमाणे पाणी तापवणाऱ्याचाही आहे आणि खोलीच्या गरजेप्रमाणे तापवणाऱ्याचाही. ओपनथर्म असेल तर हा शेवटचा पर्याय मिळतो.

बिघडलंच तर

हीटिंग बंदच होत नसेल, तर बॉयलरमधली लिंक राहिली आहे. उलटं चालत असेल, म्हणजे बंद केल्यावर पेटत असेल, तर वायर एनओऐवजी एनसीवर गेली आहे. रिलेचा आवाज येतो पण बॉयलर निवांत असेल, तर २३० व्होल्टच्या बॉयलरला कॉमनवर लाइव्ह पोचलेलाच नाही, किंवा दोन लिंकवाल्या बॉयलरची दुसरी लिंकही निघाली आहे, किंवा जुना टायमर बंद आहे. फ्यूज लगेच उडत असेल तर न्यूट्रल स्विच वायरवर बसला आहे. दुसरा फ्यूज लावून नशीब आजमावू नका, आधी फोटो बघा. रिसीव्हर चालू, थर्मोस्टॅट चालू, पण दोघांची ओळखच पटत नसेल, तर रिसीव्हर बॉयलरपासून थोडा दूर सरकवून बघा. ओपनथर्मवर काहीच हालचाल नसेल, तर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये रिलेऐवजी ओपनथर्म निवडलं आहे का ते तपासा. काही बॉयलरमध्येही तो पर्याय सुरू करावा लागतो.

बॉयलरच्या पडद्यावर फॉल्ट कोड दिसत असेल किंवा गॅसचा वास येत असेल, तर तो विषय थर्मोस्टॅटचा राहिलेला नाही. कोडसाठी गॅस सेफवाल्याला बोलवा. वासासाठी मात्र खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका, मीटरजवळचा गॅस बंद करा आणि बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. उत्तर आयर्लंडमध्ये हा क्रमांक वेगळा आहे, तो तिथल्या गॅस मीटरजवळ किंवा बिलावर छापलेला असतो.